इच्छेची वाट पाहणे हा उपाय नव्हे

उदास होऊन खोलीत कोंडून घेतलेल्या भावाविषयी घराघरांत दोन मते मांडली जातात. हा निव्वळ आळस असून लग्न लावून दिले की तो ताळ्यावर येईल, हे पहिले मत अज्ञानमूलक असल्याने त्याचा विस्तार अनावश्यक आहे. दुसरे मत मात्र विचारी माणसांच्याही तोंडी असते आणि म्हणूनच अधिक घातक ठरते: भावाला स्वतःला वाटल्याखेरीज बहिणीने काही करणे ही ढवळाढवळ होय.

हा युक्तिवाद मुळातच फसतो. नैराश्य या आजारात किमान दोन आठवडे जवळजवळ सतत उदासी राहते किंवा कशातच रस उरत नाही, आणि त्यासोबत झोप, भूक व एकाग्रता बिघडते. म्हणजे ज्या इच्छेची वाट पाहावयाची, तीच आजाराने हिरावलेली असते. वर्तन-सक्रियता नावाची उपचारपद्धती म्हणूनच उलट्या क्रमाने चालते: आधी अंघोळ, अंगणापर्यंतची फेरी, मित्राला एक फोन अशी झेपेल तेवढी कृती, आणि उमेद तिच्या मागाहून. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ही पद्धती तपासली, तेव्हा सहा ते आठ बैठका घेणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, केवळ या कामापुरते प्रशिक्षण मिळालेले सामान्य लोक होते. तरीही 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्याकडील 64 टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. बहीण समुपदेशक नव्हे, हे खरेच. परंतु सोबत चालणे, डॉक्टरांची वेळ घेणे आणि तेथवर नेणे यांसाठी पदवी लागत नाही.

ढवळाढवळीचा आक्षेप कायद्यानेही निरुत्तर होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार कोणाही प्रौढाला साध्या कागदावर लिहून व सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात साहाय्य करणारी व्यक्ती, नेमता येते. भावाने बहिणीचे नाव लिहिले, तर तिची मदत त्याच्याच संमतीने होते.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे विचारल्याने तो विचार रुजतो, ही भीतीही निराधार आहे. बहिणीने हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा, उत्तर होकारार्थी आल्यास भावाला एकटे सोडू नये आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. टेली-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.