अकरावीत मुलीचं गणित सोडू नका



दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक निर्णय फार पटकन होतो. मुलीला गणितात पंचावन्न-साठ पडलेले असतात, बाकी विषयांत ऐंशीच्या वर. मग कुणीतरी म्हणतं, "सायन्स घेऊ दे, पण गणित नको. बायोलॉजी ठेव आणि गणित सोडून टाक." बोलणारं माणूस मायेनेच बोलतं. मुलगीही सुटल्यासारखी हसते. दोन मिनिटांत विषय संपतो आणि सगळे आमरसाच्या वाट्यांकडे वळतात.

हा दोन मिनिटांचा निर्णय नाही, एवढंच सांगायला आज लिहिते आहे.

माझ्या जाऊबाईंची मुलगी यंदा या वळणावर आहे. गणितात तिला अठ्ठावन्न. आणि तिला व्हायचं आहे हवामानशास्त्रज्ञ. आमच्या घरात कुणाला हा शब्द धड उच्चारता येत नव्हता. पण ही पोर सातवीपासून गच्चीवर प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक ठेवते, वहीत रोजचे मिलिमीटर लिहिते, आणि जून लागला की मोबाइलवर उपग्रहाची ढगांची चित्रं बघत बसते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मला तिनेच सांगितलं. 24 तासांत 65 मिलिमीटर पडला की सरकारदरबारी अतिवृष्टी. एका एकराला तो हिशोब केला तर सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी होतं. हा गुणाकार तिने माझ्यासमोर कागदावर केला. आणि हिला म्हणे गणित येत नाही!

आता गणित सोडलं तर काय होतं ते ऐका. 2022 मध्ये स्टाफ सिलेक्शन कमिशनने भारतीय हवामान विभागासाठी सायंटिफिक असिस्टंटच्या 990 जागा काढल्या होत्या. पदवी किंवा पदविका तर हवीच होती, पण त्याबरोबर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असणं सक्तीचं होतं. पुढे कितीही अभ्यास केला, कितीही हुशारी दाखवली, तरी बारावीच्या मार्कशीटवर गणित नाही म्हणजे फॉर्मच भरता येत नाही. फिजिक्समध्ये बी.एस्सी. करायचं तरी बहुतेक कॉलेजांत तीच अडचण येते. सोळाव्या वर्षी आमरस खाता खाता बंद केलेलं दार बाविसाव्या वर्षी उघडत नाही.

"पण तिला जमतच नाही ना," असं जाऊबाई म्हणतात. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पोर रडते, हे मीही पाहिलं आहे. एका क्लासच्या सरांनी तर सगळ्यांसमोर सांगितलं की हिची बुद्धी या विषयाची नाही. माझा राग आहे तो अशा शिक्क्यावर. मुलाला कमी मार्क पडले की आपण म्हणतो, अभ्यास केला नाही. मुलीला कमी पडले की म्हणतो, डोकं नाही.

आणि डोकं नाही हे म्हणतंय कोण? आपण! ज्या रोज घड्याळ बघून नवकारसीचं पच्चक्खाण पारतो. सूर्योदयात 48 मिनिटं मिळवायची, ही झाली बेरीज. पोरसी करणाऱ्यांचं त्याहून पुढचं असतं. सूर्योदय ते सूर्यास्त हे दिनमान काढायचं, त्याला चाराने भागायचं आणि तो भाग सूर्योदयात मिळवायचा. जूनमध्ये आपल्याकडे दिवस साधारण तेरा तास वीस मिनिटांचा असतो, म्हणजे पोरसी सूर्योदयानंतर तीन तास वीस मिनिटांनी येते. डिसेंबरात दिवस अकरा तासांच्याही आत येतो आणि पोरसी पाऊण तीन तासांच्या आत. माझं माहेर जळगाव आणि सासर धुळे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की जळगावचा तक्ता इथे चालायचा नाही, आपला सूर्य तीन मिनिटं उशिरा उगवतो. खरंच आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते आणि धुळे जळगावच्या पश्चिमेला पाऊण अंशाहून थोडं जास्तच आहे. सासूबाई चौथी शिकलेल्या. रेखांश हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, पण गणित बरोबर होतं.

आपल्या परंपरेत तर ही विद्या आधी मुलीच्याच हाती आली. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित. पाठशाळेत आपण हे लहानपणी ऐकतो आणि तिथेच सोडून येतो. सुमारे 850 साली, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्याच्या सुरुवातीला गणित कुठेकुठे लागतं ते सांगताना त्यांनी संगीत, वैद्यक आणि वास्तुविद्या यांच्याबरोबर चक्क स्वयंपाकाचंही नाव घेतलं आहे. चार अनुयोगांत गणितानुयोग हा एक आहे. एवढं सगळं असताना "आपल्या मुलींना गणित काय करायचंय" हे वाक्य आपल्याच घरात कुठून आलं, मला कळत नाही.

बरं, हवामानाला गणित लागतं तरी कशाला? मलाही हा प्रश्न होता. मे महिन्यात आपल्याकडे माठातलं पाणी कसं गारेगार असतं! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा दमट झाली की तोच माठ रुसतो, कूलर नुसता वारा फेकतो आणि राहिलेले पापड दोन दिवस वाळत नाहीत. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की पाणी उडत नाही, आणि उडालं नाही तर गारवा नाही. वेधशाळेतल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन थर्मामीटर असतात. एक साधा आणि दुसऱ्याच्या टोकाला आपल्या गळण्यासारखं ओलं मलमल. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढतात. म्हणजे आपला माठच, फक्त आकड्यांत मांडलेला.

इथपर्यंत वजाबाकी पुरते. पुढे मात्र अवघड होतं, ते मी लपवत नाही. कपातला चहा आधी भराभर निवतो, मग हळूहळू. एकूण किती निवला हे वजाबाकीने कळतं, पण या क्षणी किती वेगाने निवतो आहे हे विचारलं की अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस लागतं. हवेचा दाब, वारा, ऊन, बाष्प हे सगळं एकाच वेळी बदलत असतं आणि एक बदललं की दुसरं हलतं. त्याची समीकरणं मांडून उद्याची हवा काढायची, हा तो सगळा खटाटोप.

हा खटाटोप पहिल्यांदा केला त्या माणसाची गोष्ट मला फार आवडते. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे इंग्रज गृहस्थ क्वेकर पंथाचे होते, युद्धात शस्त्र न धरणारे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत, आणि फावल्या वेळात 20 मे 1910 या दिवसाची हवा आकडेमोड करून काढत. सगळं हाताने. सहा तासांत दाब किती बदलेल याचं उत्तर आलं 145 मिलिबार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता! इतकं चुकलेलं गणित त्यांनी 1922 मध्ये पुस्तकात जसंच्या तसं छापलं. पुढे कळलं की रीत बरोबर होती, सुरुवातीला घेतलेल्या आकड्यांत गोंधळ होता. आज संगणकावर जो हवामान अंदाज निघतो, त्याचं मूळ त्या चुकलेल्या गणितात आहे. आणि हो, 1920 मध्ये त्यांच्या देशाचं हवामान खातं हवाई मंत्रालयाकडे गेलं तेव्हा, आपली विद्या लढाईच्या कामी नको म्हणून त्यांनी नोकरी सोडली. अहिंसा पाळणारी माणसं कुठेकुठे भेटतात पाहा.

आपल्या मराठी मुलखातलं नाव हवं असेल तर डॉ. सुलोचना गाडगीळ. 1944 मध्ये पुण्यात जन्मल्या, 2025 च्या जुलैत गेल्या. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पदवीला रसायनशास्त्र घेतलं होतं. गणिताकडे त्या वळल्या एम.एस्सी.ला, उपयोजित गणिताकडे. मग हार्वर्डला पीएच.डी. आणि 1973 पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनचं काम. गणिताला त्या घाबरत होत्या असं कुणी म्हणणार नाही. पण पदवीचा विषय एक आणि आयुष्याचं काम दुसऱ्याच विषयात, हे त्यांना करता आलं, कारण गणिताचं दार उघडं राहिलेलं होतं.

त्यांनी विचारलेला प्रश्न तर आपल्या खान्देशाने विचारायला हवा होता. शाळेत आपण शिकलो की उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची ओली हवा आत येते आणि पाऊस पडतो. असं असेल तर सगळ्यात जास्त पाऊस मे महिन्यात जळगावला पडायला हवा! पारा 45 च्या वर आणि ढगाचा पत्ता नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी तर जमीन जास्तच तापलेली असते. गाडगीळ बाई सांगत की नुसत्या तापण्याने मान्सून होत नाही. विषुववृत्ताजवळ ढगांचा जो पट्टा असतो तो सूर्यामागोमाग उत्तरेला जमिनीवर सरकतो, तो आपला पावसाळा. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी 1973 ते 1977 या वर्षांतली उपग्रहाची रोजची चित्रं तपासली आणि हा पट्टा समुद्रावरून पुन्हा पुन्हा जमिनीकडे कसा येतो ते 1980 मध्ये मांडलं. पुढे त्या दक्षिणेतल्या भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर बसल्या आणि पेरणी कधी केली तर धोका कमी, याचा हिशोब जुन्या पावसाच्या नोंदींवरून मांडला. कापूस आणि केळीवर चालणाऱ्या आपल्या बाजारपेठेला हे सांगायला नको. पाऊस चुकला की सराफ्यातली गर्दीही कमी होते.

आता तुमच्या मनातलं बोलते. "शिकून पुण्याला जाईल, सरकारी नोकरी, बदल्या. त्यापेक्षा सीए बरं." आपल्या समाजात मुली सीए होतात याचा मला अभिमान आहे. पण मग गणित जमत नाही ही सबब तरी पुढे करू नका. आकडे दुकानाच्या कामाचे असले की चालतात, आभाळाचे असले की मुलीचं डोकं कमी पडतं, असं कसं? खरी अडचण बाहेर पाठवायची असेल तर तसं म्हणावं, त्यावर बोलता येईल. हवामान विभागाचं मोठं कार्यालय आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था दोन्ही पुण्यातच आहेत, पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानाचा विभाग आहे. धुळ्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी पुणे.

अ‍ॅना मणी केरळच्या सधन घरातल्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी त्याऐवजी ज्ञानकोशाचे खंड मागितले. 1948 मध्ये त्या पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या, परदेशातून आणावी लागणारी उपकरणं इथे बनवायला लावली आणि देशभरातल्या उन्हाच्या व वाऱ्याच्या नोंदींची जाडजूड पुस्तकं काढली. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात ना? अशा पवनचक्क्या कुठे उभारायच्या हे ठरवायला वाऱ्याच्या नोंदी लागतात. कुड्या वाईट असतात असं मी म्हणत नाही, माझ्याही आहेत.

राहिला प्रश्न अठ्ठावन्न मार्कांचा. आम्ही घरात एवढं केलं आहे की सरांचा तो क्लास बंद केला. मे महिन्यात तिने सातवीचं पुस्तक काढलं, नंतर आठवीचं. अडलेलं गणित बहुतेक वेळा त्या वर्षाचं नसतंच, दोन वर्षं मागचं असतं. तिचे अपूर्णांक आणि बैजिक राशी कच्च्या निघाल्या. मंगला नारळीकर म्हणत की मराठी पोरांना त्रेपन्न-त्रेसष्टमध्येच पहिली ठेच लागते. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात पन्नास तीन असं म्हणायची सोय आली तेव्हा लोकांनी चेष्टा केली, पण त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. संसार आणि मुली सांभाळून, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, 1981 मध्ये त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. त्यांची 'गणितगप्पा' आणून ठेवली आहे, जाऊबाई दुपारी चाळतात असं मला दिसतं.

पोरीला शंभरपैकी नव्वद पडतील असं मी कुणाला सांगितलेलं नाही. बारावीला साठ पडले तरी मार्कशीटवर विषय राहतो. न जमल्यास सोडायचा तर बारावीनंतरही सोडता येतो. एवढंच बोलणं परवा जेवताना झालं. भाऊजी काही बोलले नाहीत, पण अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मवर विषय भरताना त्यांनी तिलाच लॅपटॉप दिला. बायोलॉजीही ठेवली आहे तिने, आजीच्या समाधानासाठी. गणित आहे.