वर्गणी सगळ्यांची, प्रचार एकाचा

ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेतील ‘टीमस्टर्स’ या मालमोटार कामगारांच्या संघटनेने ‘युनायटेड पार्सल सर्व्हिस’ या कंपनीविरुद्धचा संप जिंकला. सुमारे १ लाख ८५ हजार कामगार पंधरा दिवस कामावर गेले नव्हते. दहा हजार नव्या पूर्णवेळ नोकऱ्या देण्याचे कंपनीला कबूल करावे लागले. बऱ्याच वर्षांच्या पीछेहाटीनंतर कामगार चळवळीच्या पदरात पडलेले हे ठळक यश होते. समेट १९ तारखेला झाला आणि अवघ्या तीन दिवसांनी, २२ तारखेला, या संपाचे नेते रॉन कॅरी ज्या निवडणुकीने अध्यक्ष झाले होते ती निवडणूकच निवडणूक अधिकाऱ्याने रद्द ठरवली. कारण एकच. संघटनेचा पैसा अध्यक्षांच्या प्रचारासाठी वळवला गेला होता.

कॅरी हे कोणी पोटभरू पुढारी नव्हते. ते एकेकाळी याच कंपनीची गाडी चालवत. संघटनेचे तीन माजी अध्यक्ष फौजदारी गुन्ह्यांत तुरुंगात जाऊन आलेले, गुन्हेगारी टोळ्यांचा संघटनेत शिरकाव झालेला, आणि त्यामुळे १९८८ मध्ये सरकारला न्यायालयात जावे लागलेले. १९८९ च्या तडजोडीनुसार अध्यक्षाची निवड सभासदांच्या थेट मतदानाने, बाहेरच्या देखरेखीखाली होऊ लागली. १९९१ मध्ये अशा पहिल्या निवडणुकीत कॅरी निवडून आले ते ‘साफसफाई करीन’ या शब्दावर. संघटनेची विमाने त्यांनी विकली, स्वतःचा पगार कमी केला. १९९६ मध्ये त्यांच्यासमोर उभे होते जेम्स हॉफा, म्हणजे तुरुंगवारी केलेल्या एका जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव. लढत अटीतटीची होती आणि कॅरींच्या प्रचाराचा खजिना रिकामा होत चालला होता.

मग जे घडले ते कोणाही बँकवाल्याने समजून घ्यावे असे आहे. संघटनेच्या खात्यातून उमेदवाराच्या खात्यात एक पैसाही थेट गेला नाही. संघटनेने काही राजकीय व सामाजिक संस्थांना देणग्या दिल्या. रक्कम सात लाख डॉलरहून अधिक. अशा देणग्या देणे नियमात बसत होते. दुसरीकडे काही धनिकांनी कॅरींच्या प्रचाराला देणग्या दिल्या. दोन्ही व्हाउचरे स्वतंत्रपणे पाहिली तर निर्दोष वाटावीत. पण ती शेजारी शेजारी ठेवली की या हाताने दिलेले त्या हाताने परत आल्याचे दिसते. मोहिमेच्या सल्लागारांनी पुढे गुन्हा कबूल केला. नोव्हेंबर १९९७ मध्ये कॅरींना फेरनिवडणुकीतून बाद करण्यात आले. १९९८ अखेर हॉफा अध्यक्षपदी निवडून आले आणि २०२२ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले.

या कथेचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. या व्यवहाराची आपल्याला माहिती नव्हती असे कॅरी पहिल्यापासून म्हणत होते. ते खोटे बोलले म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला आणि २००१ मध्ये ज्यूरीने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. म्हणजे निवडणुकीला अपात्र, पण न्यायालयात निर्दोष. काहींना यात विसंगती दिसते. वस्तुतः ती नाही. माणूस गुन्हेगार आहे काय, हा एक प्रश्न. निवडणूक निर्मळ झाली काय, हा दुसरा. आपण हे दोन्ही प्रश्न नेहमी एकत्र करतो. नेता सज्जन असेल तर पैशाचे विचारायचे नाही आणि पैशाचे विचारले तर त्याच्या सज्जनपणावर संशय घेतला असे मानायचे, ही आपली रीत आहे.

नेता सज्जन नसला तर हीच वाट कुठवर जाते, हेही अमेरिकेनेच पाहिले आहे. १९६९ मध्ये तिथल्या खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष टोनी बॉयल यांना जोसेफ यब्लॉन्स्की यांनी आव्हान दिले. बॉयल कल्याण निधीचे विश्वस्तही होते. निवडणुकीच्याच वर्षी निवृत्त कामगारांचे मासिक पेन्शन ११५ डॉलरवरून १५० डॉलर झाले, आणि निवृत्तांना मताचा अधिकार होता. संघटनेचे मुखपत्र बॉयल यांचे प्रचारपत्रक बनले. यब्लॉन्स्की यांची पत्रके सभासदांपर्यंत पोचावीत म्हणून न्यायालयाला आदेश द्यावा लागला. डिसेंबरमध्ये बॉयल मोठ्या फरकाने जिंकले. ३१ डिसेंबरला यब्लॉन्स्की, त्यांची पत्नी आणि मुलगी यांची राहत्या घरात हत्या झाली. मारेकऱ्यांना दिलेली रक्कम संघटनेच्याच तिजोरीतून, एका बनावट समितीच्या नावावर काढली गेली होती. मे १९७२ मध्ये ती निवडणूक रद्द झाली, फेरनिवडणुकीत बॉयल सुमारे चौदा हजार मतांनी हरले आणि हत्येच्या कटाबद्दल शिक्षा भोगत असतानाच १९८५ मध्ये वारले.

बॉयल आणि कॅरी यांना एका पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल. पण दोघांच्याही निवडणुका संघटनेची साधने प्रचारासाठी वापरल्यामुळे मोडल्या. अमेरिकेतील १९५९ च्या कायद्यानुसार संघटनेची वर्गणी कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरता येत नाही. मालकाचा पैसाही नाही. उमेदवाराचे साहित्य त्याच्या खर्चाने सर्व सभासदांना पाठवण्याची जबाबदारी संघटनेवर आहे. मतदानापूर्वीच्या तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला सभासदयादी एकदा पाहता येते. साध्या सूचना आणि वस्तुस्थितीची निवेदने यांना मात्र मुभा आहे. कायदा असूनही गैरप्रकार झाले हे खरेच. पण कायदा होता म्हणून ते उघडकीला आले आणि निवडणुका रद्द झाल्या, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा तिला ना सभासदयादी, ना निधी, ना नियम, असे त्या काळच्या सरकारी अहवालाने नोंदवले. पुढे ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात आग्रह धरला आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला. निधी कशावर खर्च करावा याची यादी त्यात होती, राजकीय कार्यासाठी वेगळा आणि ऐच्छिक निधी ठेवण्याची सोय होती, हिशेब तपासण्याचा सभासदाचा हक्क होता. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तो कायदा मागे पडला. वेगळ्या निधीचे तत्त्व संहितेनेही ठेवले. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचे तंटे न्यायाधिकरणाकडे नेण्याची वाट तिने दिली. पण अंतर्गत निवडणुकीत संघटनेची साधने कोणी, कशी वापरावीत, याबद्दल १९५९ च्या अमेरिकन कायद्यासारखे स्पष्ट कलम १९२६ मध्ये आले नाही आणि २०२० मध्येही नाही.

आणि साधने म्हणजे केवळ रोकड नव्हे. बँकांत १९६६ पासून द्विपक्षीय वेतनकरार होत आले आहेत. करार झाला की थकबाकी मिळते आणि त्यातला काही हिस्सा अनेक संघटना सभासदांकडून घेतात. मासिक वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. शिवाय मुखपत्र असते, कार्यालय असते, सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, कामासाठी मिळणारी खास रजा असते. ही सगळी साधने विद्यमान सरचिटणीसांच्या हाती. समोरच्या पॅनेलला यातले काय मिळते? बहुधा सर्वसाधारण सभेत बोलायला पाच मिनिटे. निवडणुकीच्या वर्षात मुखपत्रातली छायाचित्रे मोजावीत आणि शाखाशाखांचे दौरे कोणत्या महिन्यात वाढतात ते पाहावे. सभासदाला निराळा पुरावा लागणार नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, घरातले धुणे रस्त्यावर धुतले तर मालकाचे फावते. ही भीती खोटी नाही. सरकारी देखरेख मागितली तर ती उद्या संप मोडायलाही वापरली जाईल, ही शंकाही रास्त आहे. पण १९९७ मध्ये मालकाचे फावले ते कोणामुळे? चौकशी करणाऱ्यांमुळे, की ज्यांनी तो पैसा फिरवला त्यांच्यामुळे? संप जिंकलेला नेता तीन महिन्यांत स्पर्धेतून बाद होतो, यापेक्षा मोठी भेट कोणत्याही कंपनीला कोणी दिली नसती. शिवाय नव्या संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळतो. जितका अधिकार मोठा, तितकी संघटनेतली खुर्ची मोलाची. आणि तितकाच तिच्यासाठी तिजोरी उघडण्याचा मोहही.

सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. संघटनांना आपल्या घटनेत चार ओळी घालता येतील. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत नेहमीच्या कामकाजाखेरीज देणगी, जाहिरात, समारंभ यांवर खर्च बंद. मुखपत्रात सर्व उमेदवारांना सारखी जागा, नाहीतर कोणालाच नाही. प्रत्येकाचे पत्रक एकाच टपालाने, त्याच्या खर्चाने. संघटनेच्या पगारी नोकराने किंवा खास रजेवरच्या कार्यकर्त्याने त्या वेळेत प्रचार करू नये. आणि त्या काळातील खर्चावर कार्यकारिणीबाहेरच्या एका माणसाची दुसरी सही. बँकेत पैसे देणारा आणि ते तपासणारा एकच माणूस नसतो. त्यात कोणाचा अपमान होतो असे मी उभ्या नोकरीत पाहिले नाही.

कामगाराची वर्गणी ही देवळातल्या पेटीत टाकलेली दक्षिणा नव्हे, की एकदा टाकली आणि विसरलो. विद्यमान नेत्याला मत देणारा सभासद ती देतो, तशी विरोधात मत देणाराही देतो. त्याच्याच पैशाने त्याला हरवण्याचा अधिकार कोणत्याही नेत्याला नाही, मग तो नेता कितीही कर्तबगार असो आणि त्याने कितीही संप जिंकलेले असोत.