चौकट समान, मान असमान

प्राचीन भोजकट म्हणजेच आजचे भातकुली, अशी धारणा वऱ्हाडात आहे. या भोजकट राज्यातील एक गाव वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात दान दिले. त्याचा ताम्रपट अचलपूरजवळ चम्मक येथे मिळाला. त्यातील लिपी पेटिकाशीर्षक आहे. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी. अक्षरांचे आकार निरनिराळे असले, तरी माथ्याची पेटी सर्वांना सारखी. कोरणाऱ्याने ‘दान’ आणि ‘राजा’ यांच्या माथ्यांत भेद केला नाही.

हे आठवण्याचे निमित्त वाचकांना क्षुल्लक वाटेल. संगणकाच्या लाँचरमधील एखादे फोल्डर उघडावे. ब्राउझरचे चिन्ह चौकटीच्या कडांना भिडलेले, आणि शेजारचा शब्दकोश पोस्टाच्या तिकिटाएवढा. लाँचर जागा सर्वांना सारखीच देतो. पण कुणाच्या चित्राभोवती पारदर्शक समास सोडलेला असतो, कुणाचा नसतो. लिनक्सच्या प्रचलित संकेतानुसार किमान ४८ बाय ४८ पिक्सेलचे चित्र पुरते. लाँचरने ९६ची जागा मांडली आणि चित्र ताणले नाही, तर ते बिचारे मधोमध आक्रसून बसते.

‘आशय पाहा, चिन्हाचे काय घेऊन बसलात?’ असे आमचे काही साहित्यप्रेमी मित्र म्हणतील. हेच मित्र मुखपृष्ठावर लेखकाचे नाव बारीक टंकात छापले, तर प्रकाशकाशी भांडतात! टंकाचा आकार हेही एक विधान असते, हे त्यांना तेथे बरोबर कळते. मग पडद्यावर का कळू नये?

इंग्रजी नावे ज्याला सहज वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी चिन्ह हेच पहिले अक्षर असते. मोठे दिसते ते महत्त्वाचे, हा धडा तो न शिकवता शिकतो. ज्यांच्यापाशी चित्रकार आहे त्यांचे चिन्ह प्रत्येक मापात रेखलेले असते. हौसेने मराठी शब्दकोश किंवा टंकलेखनाचे साधन घडवणाऱ्या एकट्या माणसाकडे बहुधा एकच चित्र असते. अशा रीतीने साधनांची विषमता महत्त्वाची उतरंड होऊन बसते, आणि तिला कुणी दोषही म्हणत नाही.

यावर उपाय अवघड नाही. लाँचरने पारदर्शक समास वगळून दिसणारे चित्र मोजावे आणि सर्वांना एका मापात आणावे. चित्र थोडे धूसर झाले तरी चालेल. लहान ठरवले जाणे आम्हांला मान्य नाही. तांब्यावर छिन्नीने जे साधले, ते पिक्सेलांना साधू नये काय?