काफुवेचे पाणी आणि कंपनीची सही

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी झांबियातील चांबिशी येथे तांब्याच्या खाणीचा आम्लयुक्त गाळ साठविणारा बांध फुटला आणि सुमारे ५ कोटी लिटर विषारी पाणी ओढ्यावाटे काफुवे नदीत गेले. मासे मेले, काठची पिके करपली, कित्वे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला. आम्लाचा प्रभाव कमी करण्यासाठी सरकारला विमानांतून नदीत चुना टाकावा लागला. बांध सायनो-मेटल्स या कंपनीचा. आणि ही कंपनी चीन सरकारच्या मालकीच्या उद्योगसमूहापैकी एक.

चीनच्या कंपनी कायद्यात सामाजिक उत्तरदायित्वाचे कलम २००६ पासून आहे. सरकारी उद्योगांसाठी २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, परदेशातील गुंतवणुकीसाठी २०१३ मध्ये निघाल्या. तेव्हा शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. परंतु या सूचना पाळणे ऐच्छिक आहे, आणि त्यांचा सारा भर यजमान देशाचे कायदे पाळण्यावर आहे. यजमानाची स्थिती काय? झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये परकीय कर्जरोख्यांवरील व्याज थकविले. त्याला कर्ज देणाऱ्या देशांत पहिला क्रमांक चीनचा. ऋणकोने धनकोच्या खाणीचा पंचनामा कठोरपणे करावा, ही अपेक्षा अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही बसणार नाही.

स्वदेशात चीनने अनुभवातून काही धडा घेतला, हे मान्य केले पाहिजे. २००५ मध्ये जीलिन येथील कारखान्यातील स्फोटानंतर सोंगहुआ नदीत बेन्झीन मिसळले आणि हार्बिन शहराचे नळ काही दिवस कोरडे राहिले. दंड झाला अवघा १० लाख युआन, कारण त्या वेळी कायद्याची कमाल मर्यादाच तेवढी होती! २०१५ पासून अमलात आलेल्या सुधारित कायद्याने प्रतिदिन वाढणारा दंड आणला, स्वयंसेवी संस्थांना दावा लावण्याचा अधिकार दिला. मात्र हा कायदा चीनच्या हद्दीपुरता आहे. काफुवेकाठच्या शेतकऱ्याला त्याचा काडीइतका आधार नाही.

हा दोष केवळ चिनी भांडवलाचा आहे, असे समजून भारतीय वाचकाने निश्चिंत होऊ नये. याच काफुवेच्या परिसरातील प्रदूषणाबद्दल, भारतीय उद्योजकाने उभारलेल्या आणि लंडनमध्ये नोंदलेल्या वेदांता कंपनीवर झांबियातील ग्रामस्थांनी इंग्लंडमध्ये दावा लावला. मूळ कंपनीविरुद्धचा हा दावा तेथेच चालू शकतो, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. कंपनीने जबाबदारी कबूल न करता २०२१ मध्ये तडजोड केली. ही तडजोड सूचनापत्रकाने नव्हे, मूळ कंपनीच्या दारात उभ्या राहिलेल्या न्यायालयाने घडविली.

चांबिशीच्या प्रकरणात असे दार अद्याप उघडलेले नाही. नुकसानीच्या मोजणीसाठी कंपनीनेच नेमलेल्या दक्षिण आफ्रिकी संस्थेने गळती प्रारंभीच्या अंदाजाहून कितीतरी मोठी, १५ लाख टनांची, असल्याचे सांगितले. कंपनीने कराराच्या भंगाचे कारण देऊन तिला दूर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये शेतकऱ्यांनी लुसाकाच्या न्यायालयात ८० अब्ज डॉलरचा दावा दाखल केला. २०१३ च्या सूचनांना कायद्याचे बळ देऊन परदेशी पीडितांना बीजिंगमध्ये दाद मागू देणे चीन सरकारला अशक्य नाही. खाणीचा मालक तेच आहे.