बाळोती कोणी धुवावीत?

तान्ह्या मुलाची बाळोती धुणे हा विषय ज्यांना मासिकाच्या पानांस शोभणारा वाटत नाही, त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, ज्या घरी पाळणा हलतो आहे त्या घरच्या मोरीत त्यांनी एक दिवस उभे राहून पाहावे. दिवसाकाठी दहाबारा बाळोती भिजतात आणि हा क्रम दीड-दोन वर्षे सुटत नाही. एवढ्या मोठ्या कामाविषयी आमच्या सुशिक्षित घरांतून जो वाद चालतो, तो मात्र सुती बाळोते बरे की दुकानातला डायपर बरा, एवढ्यापुरताच असतो.

आजीबाईंचा पक्ष असा की, जुनेर फाडून केलेल्या मऊ बाळोत्यासारखे सुख नाही, आणि हल्लीच्या मुलींस कष्ट नकोत. सूनबाईंचा पक्ष असा की, लातूर-नांदेडकडील पाण्याची तऱ्हा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी हा उपदेश करू नये. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, आणि दोन्ही पक्ष मुख्य प्रश्न टाळतात.

प्रथम पाण्याचे पाहू. लातूरकरांस पाण्याची भीती उगाच बसलेली नाही. २०१६ सालच्या मार्चात पाणी भरण्याच्या जागी दंगा होऊ नये म्हणून तेथे जमावबंदी करावी लागली. मांजरा धरण कोरडे पडले होते. एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून आलेले सुमारे पाच लाख लिटर पाणी पाहावयास फलाटावर गर्दी लोटली. त्या उन्हाळ्यात ज्या आईने डायपर वापरले तिला बोल लावणारा मनुष्य आमच्या मते माणुसकीस पारखा झालेला आहे. परंतु टंचाईचे वर्ष गेले, तरी टंचाईची सबब तेवढी मागे राहिली, हेही खरे नाही काय? बाळोत्यावरील मळ आधी संडासात झटकून टाकावा, आंघोळीचे उरलेले पाणी पहिल्या भिजवणीस घ्यावे, साबण लावून दोन पाण्यांतून काढावे. आमच्या हिशेबाने दिवसाच्या बाळोत्यांस दोन बादल्या स्वच्छ पाणी पुरते. संडासाची जुनी टाकी तीन-चार वेळा ओढली की तेवढेच जाते. अंगणात उभी असलेली मोटार धुताना ज्या घरास टंचाई आठवत नाही, त्या घरास ती बाळोत्यांपाशीच का आठवावी?

खरी अडचण पाण्याच्या जडपणाची आहे, आणि तिच्याविषयी कोणीच बोलत नाही. आमच्याकडील पुष्कळ विंधनविहिरींचे पाणी जड. त्यात साबणाचा फेस न होता चोथा होतो, तो कापडात बसतो, कापड खरखरीत होते आणि मुलाच्या अंगास पुरळ उठते. मग दोष बाळोत्यावर! पावसाचे साठविलेले पाणी शेवटच्या खळबळीस वापरावे, साबण थोडा घ्यावा आणि कपडे सुवासिक व मऊ करणारी बाजारी द्रावणे या कामी मुळीच वापरू नयेत. त्यांनी कापडाची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते. वाळविण्यास तर मराठवाड्याच्या उन्हासारखा नोकर नाही. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली दोहोंची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या अडीच वर्षांत एका मुलामागे हवेत जाणारा कार्बन डायपरचा सुमारे ५५० किलो व कापडाचा सुमारे ५७० किलो, असा तो निकाल. डायपरवाले येथेच थांबतात. पुढे असेही आहे की, दोरीवर वाळविले, यंत्र भरून धुतले आणि तीच बाळोती दुसऱ्या मुलास वापरली, तर कापडाच्या आकड्यातून सुमारे २०० किलो वजा होतात. तेथे वाळविण्यासही यंत्र लागते. येथे चैत्र-वैशाखात बाळोते दोरीवर टाकून वळावे तो ते वाळलेले असते. शिवाय ज्या लातूर जिल्ह्यातील उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते आणि ज्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ते ध्वज तयार होतात, त्या मुलखातील मुलांच्या कमरेस प्लॅस्टिक असावे, हे आम्हांस विचित्र वाटते. असो.

मुख्य प्रश्न हातांचा आहे. आजीबाईंच्या आठवणीत शुभ्र बाळोती दोरीवर डोलत असतात. त्यांना तेथवर पोचविणारे हात आठवणीतून गळालेले असतात. ते हात बहुधा ओल्या बाळंतिणीचे, तिच्या आईचे, नाहीतर चार पैशांवर ठेवलेल्या बाईचे होते. या कष्टास कंटाळून जी सून डायपर घेते, तिला आम्ही आळशी म्हणणार नाही. पण डायपर घेतल्याने ते काम नाहीसे होते असे तिने समजू नये. ते दुसऱ्याच्या हाती जाते. मैल्याची ती पुडी सकाळी घंटागाडीत पडते आणि कचरा निवडणाऱ्या बाईला ती हाताने बाजूस काढावी लागते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. तो संडास, गटारे आणि टाक्या यांविषयी आहे. मैला पुडीत बांधून दिला म्हणजे तो मैला राहत नाही काय? ज्या परीट कुळात गाडगे महाराज जन्मले, त्याच्याकडे आणि खराटा धरणाऱ्यांकडे आपल्या अंगची घाण सोपवून आपण सोवळे राहावे, ही आमची जुनी खोड आहे. डायपरने तिला नवे वेष्टण मिळाले.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, बाळोती घरात धुवावीत, आणि ती मुलाच्या बापाने धुवावीत. सगळी नव्हेत, निम्मी तरी. कचेरीचे काम असते हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. पण बाळंतिणीलाही रात्री चारदा उठून पाजावे लागते, तिच्या कामास सुटीचा दिवस नाही. सकाळी दाढी करण्यास जो वेळ लागतो त्याहून थोड्या अधिक वेळात पाचसहा बाळोती निघतात. बापाने पहिल्या महिन्यात हे केले तर सुती बाळोत्याच्या थोरवीवर घरात व्याख्याने होणार नाहीत, आणि सूनबाईला डायपरची निकड आजच्या निम्मीही उरणार नाही. यंत्र असेल तर यंत्रात घालावीत. पण यंत्र मळ झटकत नाही, तो झटकणारा हात कोणाचा हे तेथेही ठरवावेच लागते.

प्रवासात, आजारात, आषाढ-श्रावणाच्या झडीत चार दिवस डायपर लागला तर लागू द्यावा. मात्र मळ संडासात टाकून, डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वेगळा द्यावा. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ सालच्या नियमांत हे सांगितलेले होते. आणि त्याच नियमांत कारखानदारांनी डायपर फिरून उपयोगात येणाऱ्या मालाचा करण्याची शक्यता तपासावी, नाहीतर पुडक्यासोबत दर नगास एक पिशवी द्यावी, असेही होते. पुढचे पुडके घेताना वाचकांनी दुकानदाराकडे ती पिशवी मागून पाहावी.