औषध दुकानात फार्मासिस्ट असतो तरी कुठे?

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय सुरू केले आणि पुढे हे शहर दवाखान्यांसाठीच ओळखले जाऊ लागले. आजही सांगली, सातारा आणि शेजारच्या कर्नाटकातून रुग्ण इथे येतात. डॉक्टरांना दाखवून झाले की पुढचा मुक्काम मेडिकल. चिठ्ठी द्यायची, पैसे द्यायचे, पिशवी घ्यायची. गोळ्या देणारी व्यक्ती फार्मासिस्ट आहे का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते विचारायला हवे.

फार्मासिस्ट कसे होता येते?

बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांचा डी. फार्म. आणि त्यासोबत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, ही किमान वाट. बी. फार्म. चार वर्षांचा असून त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. फार्म. डी. सहा वर्षांचा आहे. कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, सांगलीचे आप्पासाहेब बिरनाळे आणि कासेगावचे राजारामबापू कॉलेज ऑफ फार्मसी ही या भागातली परिचित नावे.

मात्र पदविका किंवा पदवी हाती आली म्हणजे काम संपले नाही. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय औषध देण्याचा अधिकार मिळत नाही. डी. फार्म.साठी २०२२ च्या नियमावलीत एक्झिट परीक्षाही आणली आहे. प्रवेश घेण्याआधी तिची सद्यस्थिती तपासून घ्यावी.

काम फक्त गोळ्या काढून देण्याचे?

एक उदाहरण पुरेसे आहे. संधिवातावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुतेकदा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतू शकते. चिठ्ठी वाचताना ही चूक पकडणे आणि ‘आजी, ही गोळी फक्त सोमवारी’ असे समजावून सांगणे, हे फार्मासिस्टचे खरे काम आहे.

न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवणे, मुदत संपलेला माल बाजूला काढणे हेही त्यातच आले. शेड्यूल एच-१ मधील अनेक प्रतिजैविकांची विक्री करताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिले याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते.

मग घोडे अडते कुठे?

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. पण भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार जुना आहे. प्रमाणपत्र ‘लावायला’ देऊन महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची आणि नोकरी दुसरीकडे करायची. मालकाचा पगार वाचतो, मुलाला घरबसल्या पैसे मिळतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी ज्या दुकानात आपण काम करत नाही तिथे प्रमाणपत्र लावू देणे हे गैरवर्तन ठरवले आहे. तरीही हा व्यवहार सुरूच आहे, कारण तो दोघांनाही परवडतो. किंमत मोजतो तो रुग्ण.

रक्तदाब वाढवणारे मेफेंटरमाइन इंजेक्शन व्यायामासाठी किंवा नशेसाठी विकले जात असल्याची प्रकरणे पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी उघड केली आहेत. तालमींच्या या पट्ट्यात हा धोका थेट घरापर्यंत येतो. चिठ्ठीशिवाय असे औषध मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा जाणकार माणूस काउंटरवर हवा. भिंतीवरचा कागद कुणाला नाही म्हणू शकत नाही.

काय बदलावे?

दुकान सकाळी नऊ ते रात्री अकरा उघडे असेल, तर एकाच फार्मासिस्टने चौदा तास उभे राहावे ही अपेक्षा अवाजवी आहे. दोन पाळ्यांत दोघांना नेमावे किंवा चिठ्ठीवरील औषधांची वेळ ठरवून ती दर्शनी भागात लावावी. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी भिंतीवरचा फोटो आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे आधी पाहावे. आणि डी. फार्म. होणाऱ्या मुलांना रीतसर पगार मिळायला हवा, नाहीतर प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा मोह सुटणार नाही.

तोवर ग्राहकाच्या हातात एक प्रश्न आहे. फार्मासिस्टने ॲप्रन घालून नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, असे नियम सांगतो. पुढच्या वेळी पिशवी उचलण्याआधी तो बिल्ला शोधा. नाही दिसला, तर विचारा : ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’