साळुंखेंची लॅब आणि आमचं जर्नल

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला!

विषय आहे ‘सी.आय.डी.’. लोक तिला डिटेक्टिव्ह मालिका म्हणतात. माझ्या मते ती आपल्याकडची सगळ्यात जास्त चाललेली सायन्स फिक्शन आहे. डॉ. साळुंखे टेस्ट ट्यूबमध्ये एक थेंब टाकणार, पाणी निळं होणार आणि विषाचं नाव हजर! लहानपणी मंगळवार पेठेतल्या घरी जेवण उरकून आजोबा आणि मी टीव्हीसमोर बसायचो. साळुंखे म्हणजे आपल्याकडचंच आडनाव, त्यामुळे आजोबांना भारी अभिमान. “तू पण अशीच लॅबवाली हो,” म्हणायचे. मी इंजिनिअरिंगला आले त्यात त्या निळ्या पाण्याचा वाटा आहे. म्हणून तर राग येतो.

१९९८ ला सुरू झालेली ही मालिका. २००४ मध्ये या लोकांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय शूट केला. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून! तेव्हा ती हिंमत होती. मग हळूहळू सगळं ठरल्यासारखं झालं. तोच दरवाजा, तीच थप्पड. २०१८ ला मालिका बंद पडली, डिसेंबर २०२४ ला परत आली. आम्ही दोघं पुन्हा हौसेने बसलो. २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न स्फोटात गेले, तेव्हा आजोबांना रात्री झोप लागली नाही. आणि थोड्याच आठवड्यांत साहेब परत हजर! आजोबांनी गुपचूप रिमोट घेतला आणि बातम्या लावल्या.

कुणी म्हणेल, टाइमपास आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? डीएनए रिपोर्ट पाच मिनिटांत येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मान्य. सायन्स फिक्शनमध्ये एखादी अशक्य गोष्ट धरून चालतातच, पण मग तिचे नियम शेवटपर्यंत पाळायचे असतात. जयंत नारळीकरांचं बघा. जन्म १९३८ चा, आपल्या कोल्हापुरातला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. का, तर आपलं नाव बघून कुणी मार्क देऊ नयेत. तरी पहिला नंबर आला! ‘सी.आय.डी.’चं बरोबर उलटं झालंय. आता नुसतं नावच उरलंय.

इथपर्यंत जोरात लिहिलं आणि पेन अडलं. कारण आपण प्रॅक्टिकलला काय करतो? आधी उत्तर, मग रीडिंग. सीनियरचं जर्नल समोर ठेवायचं, ग्राफ सरळ यावा म्हणून दोन पॉइंट इकडचे तिकडे करायचे. मागच्या सेमला माझं एक रीडिंग सारखं चुकत होतं. मी जुनं उतरवलं, सही मिळाली. नंतर कळलं की वायरच सैल होती. माझ्या आधीच्यांचंही चुकलंच असणार, पण सगळ्यांची जर्नल्स एकदम परफेक्ट!

साळुंखेंचा प्रयोग कधी फसत नाही, आणि आमचाही नाही. उत्तर आधीच ठरलं की मालिका शिळी होते, आणि शिक्षणपण.

आजोबांना हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला चुकलेलं रीडिंग तसंच लिहायचं ठरवलंय. सही मिळेल न मिळेल, पण वायर तरी सापडेल. तुम्हाला काय वाटतं?